न विरलेलं इंजेक्शन

१

राहीबाई जावळे शेवटचं बोलल्या, ते डॉक्टरला धीर द्यायला.

"भिऊ नको लेकरा," खाटेवर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय ह्ये इंजिक्शन. छातीवर हत्ती बसतो आन् उठून जातो. दोनदा घेतलंय म्या."

खरंच दोनदा घेतलं होतं. सोनईजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या ह्या बाईंचं काळीज अधूनमधून उधळायचं. ठोके मोजता येऊ नयेत इतके वाढायचे. मुलगा गोरक्ष त्यांना गाडीत घालून नगरच्या दवाखान्यात आणायचा, शिरेतून एक इंजेक्शन दिलं जायचं, आणि आणलेला चहा गार व्हायच्या आत बाई उठून बसायच्या. तिसऱ्या खेपेलाही तेच इंजेक्शन, तेवढंच, त्याच डॉक्टरनं दिलं. पडद्यावरची रेघ सपाट झाली. ती होतेच. डॉक्टर श्वास धरून थांबतो आणि दोन-चार क्षणांत रेघ पुन्हा नाचू लागते.

ह्या वेळी ती नाचलीच नाही.

डॉ. अंगदनं हात भरून येईपर्यंत छाती दाबली. उपयोग झाला नाही. बाहेर बातमी गेली तेव्हा गोरक्षानं आधी दाराची काच फोडली आणि मग अंगदचं डोकं.

डॉ. रोहिणी दहिफळे यांना हे कळलं ते तासाला जाताना, कॉलेजच्या जिन्यात. त्या नगरच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवत. अंगद त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. फोनवर बहीण रडत नव्हती, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ताई, त्यानं मारलं म्हणतात गं. आपल्या अंगदनं."

रोहिणीबाई तास सोडून दवाखान्याकडे निघाल्या.

दवाखान्यात अंगद डोक्याला पट्टी बांधून पडला होता आणि दाराशी पोलीस बसला होता. इन्स्पेक्टर अजिनाथ पालवे अदबीनं उठले, पण बोलले ते रोखठोकच.

"मॅडम, त्याच खोक्यातलं इंजेक्शन त्याच सकाळी दुसऱ्या एका पेशंटला दिलं होतं. तो चालत घरी गेला. म्हणजे औषधात खोट नाही. मग राहिलं काय? हात चुकला. जास्त गेलं."

"मावशी, जास्त नाही दिलं गं," अंगद उठून बसत म्हणाला. "सिस्टर समोर होती. तेवढंच दिलं. पण ती रेघ उठेचना."

"आल्या तेव्हा कशा होत्या?"

"ठोके वाढलेले, नेहमीसारखे. फक्त चेहरा लालबुंद होता. आणि डोकं ठणकतंय म्हणत होत्या. आठवड्याभरापासून."

रोहिणीबाई खुर्चीवर टेकल्या. त्या इंजेक्शनचं नाव ॲडेनोसिन. बाहेरचं द्रव्य नव्हे ते, आपल्याच शरीरातलं. डीएनए ज्या विटांनी बांधला जातो, त्या विटांच्या कुळातलं. रक्तात ते सुटलं की रक्तपेशी आणि शिरांच्या अस्तरातल्या पेशी त्याला लगेच आत ओढून घेतात. त्यासाठी पेशीच्या पडद्याला खास दारं असतात. म्हणून तर हे औषध इतकं निर्धोक. काळजाला क्षणभर थांबवतं आणि दहा सेकंद व्हायच्या आत रक्तातून नाहीसं होतं.

"पालवेसाहेब," त्या सावकाश म्हणाल्या, "औषध जास्त गेलेलं नाही. गेलं तेवढंच. पण ते विरलंच नाही. त्या बाईंच्या पेशींची दारं आधीच कुणीतरी बंद केली होती."

२

जावळ्यांच्या वस्तीवर पोलिसांची गाडी थांबली तेव्हा गोरक्ष गोठ्यापाशी उभा होता. दहावा अजून व्हायचा होता. रोहिणीबाईंनी नाव सांगितलं आणि नातंही सांगून टाकलं.

गोरक्षाचा चेहरा तांबडा झाला. "त्याची मावशी? आन् आमच्या दारात?"

"हो. त्यानं चूक केली असेल तर मी स्वतः कोर्टात सांगेन. पण तुमच्या आईला कशानं मारलं हे तुम्हालाही कळायला हवं. नको का?"

तो आडवा आला नाही. त्याची बायको ज्योती पाणी घेऊन आली. सासूचं सगळं तीच बघायची.

"आईंना औषधं काय चालू होती?"

"मागल्या साली छातीतली गाठ काढली नव्हं का, तवापासनं गोळ्या. त्या डाक्टरच्याच. आन् काढा. गाठ परत येऊ नये म्हनून. शमनिका." ज्योतीनं आतून बाटली आणली. नागापूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याचा काढा. वर पानाफुलांचं चित्र.

"मागच्या खेपेला इंजेक्शन घेतलं, तेव्हा हा काढा चालू होता?"

"व्हय की. चालूच हुता."

रोहिणीबाईंच्या मनात उभा राहिलेला मनोरा तिथंच ढासळला. तेव्हाही काढा होता, तेव्हाही इंजेक्शन होतं, आणि बाई हसत घरी आल्या होत्या. मग काढ्याचा दोष कसा?

त्या उठायला लागल्या तशी ज्योती म्हणाली, "पन तवा ती जुनी बाटली हुती."

"जुनी म्हणजे?"

"ही नवी आली तवा घरी आनून देनारी बाई म्हनली, ही जास्त पावरची हाय, जुनी ठिवून द्या. तीत अर्धा काढा तसाच हाय." ज्योतीनं पदर पुढे ओढला. "सांडला ना, तर जुन्याचा डाग काळपट पडायचा. ह्याचा बघा."

पदरावर हळद सांडावी तसा पिवळाजर्द डाग होता.

"ही नवी बाटली कधीपासून?"

"आठ-दहा दिस झालं असतील. तवापासनंच आत्यांचं डोकं उठलं. आमी म्हनलं, उन्हानं."

गोरक्ष एकदम पुढे आला. "काय हाय त्या बाटलीत?"

"अजून मला माहीत नाही," रोहिणीबाई म्हणाल्या. पण त्यांनी दोन्ही बाटल्या मागून घेतल्या. पिवळा रंग, लाल चेहरा, डोकेदुखी आणि बंद दारं. हे चारही एकत्र आणणारं एकच औषध त्यांना माहीत होतं, आणि झाडपाल्यात ते उगवत नाही.

३

कारखान्याच्या दारातच "मॅडम!" अशी हाक आली आणि पांढरा कोट घातलेली एक मुलगी धावत येऊन पाया पडली. रोहिणीबाई बघतच राहिल्या.

"निकिता? तू इथं?"

निकिता त्यांची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी. दोघी पाथर्डी भागातल्या, दोघींच्या आईबापांनी हंगामाला कोयता घेऊन साखर कारखाने गाठलेले. पोरगी हुशार, हाताला स्वच्छ. पुण्याला गेली एवढंच बाईंना माहीत होतं. ती आता इथली प्रयोगशाळा सांभाळत होती.

मालक रंगनाथअण्णा सत्तरीचे. मागे अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, बोलणं जड होतं. टेबलावर गोळ्यांची पट्टी पडली होती. रोहिणीबाईंनी सवयीनं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. डायपिरिडॅमॉल. रक्त गोठू नये म्हणून देतात ती गोळी. पिवळीजर्द. पेशींची नेमकी तीच दारं बंद करणारी.

"माझी बायको गाठीनं गेली, बाई," अण्णा अडखळत म्हणाले. "तिच्यासाठी हा काढा बनवला होता. उशीर झाला. दुसऱ्या कुणाला होऊ नये."

त्यांचा मुलगा पार्थ मात्र घाईत होता. त्यानं भिंतीवरचा आलेख दाखवला. "हे बघा मॅडम, शास्त्रीय पुरावा. काढा घातला की कॅन्सरच्या पेशी वाढायच्या थांबतात. पुण्याची प्रयोगशाळाही आता बाजारातून बाटल्या उचलून हीच चाचणी करणार आहे. आम्ही घाबरत नाही."

"कशी केलीस चाचणी?" रोहिणीबाईंनी निकिताला विचारलं.

"तुम्हीच शिकवलेली, मॅडम. पेशीला दुप्पट व्हायचं तर डीएनएही दुप्पट लागतो. त्यासाठी ती बाहेरून थायमिडीन नावाची वीट उचलते. आपण थायमिडीनला खूण लावून ठेवायची आणि किती आत गेलं ते मोजायचं. जास्त गेलं तर पेशी वाढतायत, कमी गेलं तर थांबल्या." ती हसली. "शमनिका घातली की जवळजवळ जातच नाही."

तेवढ्यात पार्थनं तिला बाहेर बोलावलं. रोहिणीबाई सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या. उबेच्या पेटीत पेशी वाढवायच्या दोन बाटल्या होत्या. एकीवर 'साधं पाणी' लिहिलं होतं, दुसरीवर 'शमनिका'. त्यांनी पहिली लावली. पेशींची दाटी. दुसरी लावली.

दुसरीतही तेवढीच दाटी. बोट ठेवायला जागा नाही.

त्या पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. पेशी थांबल्या नव्हत्या, मजेत वाढत होत्या. फक्त बाहेरचं थायमिडीन आत घेत नव्हत्या. का घेतील? पेशीला दोन वाटा असतात: बाहेरून तयार वीट उचलायची, नाहीतर घरातल्या घरात भाजायची. बाहेरचं दार लावलं तर ती घरची भट्टी पेटवते. आलेख खाली येतो आणि गाठ मात्र वाढतच राहते.

निकिता परत आली. रोहिणीबाईंनी काही दाखवलं नाही. "अगं, मी आले ती वेगळ्याच कामाला," त्या म्हणाल्या. "तुमचा काढा घेणाऱ्या एक बाई दवाखान्यात गेल्या. ठोके उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि काळीज थांबलं."

निकिताचा चेहरा उतरला. "वाचलं मी, मॅडम. वाईट झालं. त्यांच्याकडे ॲमिनोफायलिन नव्हतं का? उतारा दिला असता तर..."

"कुणाला सुचलं नसेल," रोहिणीबाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरता उतरता त्यांनी पालव्यांना फोन लावला.

४

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी दोन्ही बाटल्यांतला काढा पाण्यात पातळ केला आणि निळ्या दिव्याखाली धरला. जुनी बाटली मेलेल्या पाण्यासारखी काळी राहिली. नवी हिरवट पिवळ्या उजेडानं पेटली. पालवे दचकून मागे सरले.

"हे काय?"

"डायपिरिडॅमॉल. नुसत्या रंगावर जायला नको म्हणून शेजारी अस्सल गोळीचा द्रव ठेवून तपासलंय. दोन्ही द्रव काचेवर चढू दिले, दोन्हींचे ठिपके एकाच उंचीवर थांबलेत. सरकारी प्रयोगशाळेतही तेच निघेल."

"म्हणजे म्हातारा!" पालव्यांनी टोपी उचलली. "त्याच्याच टेबलावर पट्टी होती म्हणालात तुम्ही. चला."

"बसा. पट्टीभर गोळ्यांनी एक बाटली पिवळी होईल, पिंप नाही होणार. बाजारातून आणखी दोन बाटल्या आणवल्या मी, दोन वेगळ्या दुकानांतून. दोन्ही तशाच पेटल्या. म्हणजे मूळ अर्कातच पूड गेली आहे, आणि तेवढी पूड रसायनं मागवणाऱ्यालाच मिळते."

"मग तो पोरगा, पार्थ. विक्री वाढवायला."

"ह्या पुडीनं विक्री कशी वाढेल? आजाऱ्याला बरं वाटत नाही, उलट डोकं दुखतं. ह्या पुडीचा जगात एकाच ठिकाणी उपयोग होतो, त्या आलेखात. थायमिडीन ज्या दारानं पेशीत जातं ते ती बंद करते. हे ज्याला माहीत नाही, तो ही पूड कशाला घालेल?"

पालव्यांनी टोपी पुन्हा खाली ठेवली. मग ते हळूच म्हणाले, "तुमची विद्यार्थिनी."

रोहिणीबाईंनी निळा दिवा बंद केला. "तिनं मला उतारा दिला का म्हणून विचारलं. ठोके उतरवायची इंजेक्शनं चार प्रकारची असतात, मी नाव घेतलं नव्हतं. पेपरातही आलं नव्हतं. बरं, नाव ओळखलं असं धरू. पण ॲडेनोसिनला उतारा कुणी शोधत नाही, साहेब. उतारा सिरिंजमध्ये भरेपर्यंत ते रक्तातून गेलेलं असतं. उतारा त्यालाच आठवेल, ज्याला माहीत आहे की ह्या वेळी ते गेलेलं नव्हतं."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे वाक्य आपल्या तोंडून निघावं अशी आपली अजिबात इच्छा नव्हती.

५

रोहिणीबाई पालव्यांना घेऊन कारखान्यात पोहोचल्या, तेव्हा अण्णा, पार्थ आणि निकिता तिघेही तिथल्या प्रयोगशाळेत होते. रोहिणीबाईंनी आवाज चढवला नाही. 'शमनिका' लिहिलेली बाटली त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि पार्थला म्हणाल्या, "बघा. थांबलेल्या पेशी अशा दिसतात?"

पार्थनं डोळा लावला, वर बघितलं, पुन्हा लावला. "निकिता, ह्या तर... भरल्यात."

निकिता उभी होती तशीच भिंतीला टेकली.

"ते चुकून झालं, मॅडम," ती म्हणाली. "पहिल्यांदा चुकूनच. काढ्यानं काहीच होत नव्हतं. खरंच काही होत नव्हतं. चाचणी नीट चालते का ते बघायला मी एका नमुन्यात नुसतं डायपिरिडॅमॉल घातलं होतं, तुम्ही शिकवलेलं तसं. ती रेघ खाली आली. पार्थसरांनी मागून बघितलं आणि ओरडलेच, 'उतरली! उतरली!' मी सांगेपर्यंत त्यांनी अण्णांना फोन लावला होता. अण्णा आले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. म्हणाले, पोरी, माझ्या बायकोचं ऋण फेडलंस." तिनं अण्णांकडे बघायचं टाळलं. "मग मला सांगताच आलं नाही."

अण्णांनी चांगल्या हातानं टेबलाची कड धरली.

"आणि बाटल्यांत?" पालव्यांनी विचारलं.

"पुण्याची प्रयोगशाळा बाजारातल्या बाटल्या तपासणार म्हटल्यावर... सगळ्या लॉटमध्ये घालावं लागलं. मला वाटलं, साधं औषध आहे. लोक वर्षानुवर्षं घेतात. कुणाला काय होणार?"

"राहीबाई गेल्या ते वाचलंस, तेव्हा कळलं होतं तुला?" रोहिणीबाईंनी विचारलं.

निकितानं मान खाली घातली.

"निकिता, वर बघ. कळलं होतं?"

"वाचल्या वाचल्या," ती पुटपुटली. "तुमच्याच तासाला शिकलेय, मॅडम. ॲडेनोसिन आणि थायमिडीन एकाच दारानं जातात."

ह्या मुलीचं हे उत्तर त्यांनी वर्गात कितीदा शाबासकी देऊन ऐकलं होतं. अंगदचं डोकं फुटलं, त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, त्याच्या आईनं अन्न टाकलं, आणि ही रोज इथं येऊन पिंपात पूड ढवळत राहिली.

"थांबवलंस तरी का नाही?"

"थांबवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

अण्णा उठायला गेले आणि पुन्हा खुर्चीत पडले. "बाई," ते कसंबसं बोलले, "म्हणजे माझ्या औषधानं... कधीच काही झालं नव्हतं?"

पालव्यांनी बाहेर उभ्या असलेल्या महिला पोलिसाला हाक मारली. निकिता जाताना दारात थबकली. ती पाया पडायला वाकते की काय असं वाटून रोहिणीबाई एक पाऊल मागे सरल्या. ते पाऊल तिनं बघितलं, आणि मग ती निमूट चालू लागली.

"पार्थ," रोहिणीबाई वळून म्हणाल्या, "दुकानांना आत्ताच्या आत्ता फोन करा. एकही बाटली विकायची नाही."

"दुकानांचं करतो," पार्थ फोन हातात घेत म्हणाला, "पण मॅडम, निम्मा माल बायका घरोघर नेऊन देतात. तो कुठं कुठं गेला, ते आम्हालाही सांगता यायचं नाही."

६

सोनईच्या वाटेवर पालवे म्हणाले, "गुन्ह्यातून अंगदचं नाव काढलं जाईल. पत्र मी आजच वर पाठवतो." रोहिणीबाईंनी बहिणीला फोन करून तेवढंच सांगितलं. कुणी केलं ते सांगवेना.

वस्तीवर ओट्यावर बसून त्यांनी गोरक्षाला आणि ज्योतीला सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. पेशींची दारं, ती बंद करणारी पिवळी पूड, आणि रक्तात अडकून पडलेलं इंजेक्शन. गोरक्ष ऐकता ऐकता खाली बसला. "त्या पोराचं डोकं फोडलं म्या," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "त्यो आयच्या छातीवर हात दाबत हुता, आन् म्या..."

ज्योती मात्र डोळे न मिटता बाईंकडे बघत होती.

"बाई, ती बाटली म्या पाजली. सकाळ-संध्याकाळ. आत्या नको म्हनायच्या, डोकं उठतंय म्हनायच्या. म्या म्हनलं, औषीद हाय, घ्या."

"तुम्ही औषध म्हणूनच दिलंत, ज्योती. त्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं नाही."

"आता मला ठावं हाय," ज्योती म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे विस्फारले. "कडूबाई! आवं, शेजारच्या कडूबाईंला म्याच घ्यायला लावली बाटली. त्यांचं बी काळीज धडधडतंय!"

ती अनवाणीच पळत सुटली. कांद्याच्या वाफ्यांतून, पाटाच्या कडेनं, पदर काट्यांना लागून फाटतोय याचंही तिला भान नव्हतं. गोरक्ष तिच्या मागे. रोहिणीबाई आणि पालवे धापा टाकत त्या घरापाशी पोहोचले, तेव्हा ओसरीवर एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या हातातलं काढ्याचं भांडं निम्म्या वाटेवर थांबलं होतं. ज्योतीनं तिचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"अगं बया, झालं तरी काय?" म्हातारी घाबरून म्हणाली.

गोरक्षानं तिच्या हातातून भांडं काढून घेतलं आणि शेणाच्या सारवणावर उपडं केलं.

"मावशे," तो म्हणाला, "ह्ये आता घ्यायचं न्हाई. आन् उठ. आनखी कुनाकुनाच्या घरात ही बाटली हाय, त्ये दाव आमाला."